आषाढातला पहारा

"बघा ताई, काल पावणेचारला गेला, साडेनऊला आला. परवा साडेतीनला गेला. त्याच्या आदल्या दिवशी चार वाजून गेल्यावर." जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्याचे मालक मोबाइलवरच्या नोंदी बोटानं सरकवत होते. आषाढ संपायला आला होता आणि आठवडाभर सूर्य धड दिसला नव्हता. विहिरीजवळ वीस फुटी लोखंडी पाइपाच्या टोकाला कॅमेरा, त्याच्या डोक्यावर हातरुमालापेक्षा थोडं मोठं सोलर पॅनल, पाठीमागे बॅटरीची पेटी. "मशीन चांगलंय. दुपारी चाळीतला कांदा मोजावा इतकं स्वच्छ दिसतं. पण पहाटे डोळा मिटतो, आणि केबल कापणारा पहाटेच येतो."

संपादकांनी या अंकासाठी 'राखण' हा विषय काढला तेव्हा मला याच पाइपांनी बोलावलं. गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक, सोलापूर, सांगली कुठल्याही बाजूला जा, बागेच्या बांधावर, चाळीच्या पाखाडीला, शेततळ्याच्या कुंपणावर हे पांढरे कॅमेरे दिसतात. वायर कुठूनच येत नाही. आत सिमकार्ड, वर पॅनल. एकेकाळी इथं माळा होता, गोफण होती, मळ्यात झोपणारा म्हातारा आणि त्याचं कुत्रं होतं. आता म्हातारा रस्त्याकडेच्या घरात राहायला आला, मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि मळा रात्री मोकळा पडतो. तिथं असतं काय? मोटार, स्टार्टर, शंभर-दीडशे फूट तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, शेळ्या, चाळीत सहा महिने भाव वाढायची वाट पाहणारा कांदा. रोहित्र फोडून आतलं तेल आणि तांबंसुद्धा नेतात. रोहित्र गेलं की अख्ख्या शिवाराचं पाणी थांबतं, तेही पीक ऐन भरात असताना.

चार युनिटांची वीज

अशा कॅमेऱ्याला वीज लागते ती अगदीच थोडी. चोवीस तास जागा राहणारा, मान फिरवणारा, सिमकार्डवर चालणारा कॅमेरा दिवसा साधारण चार वॅट खातो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो सात वॅटवर जातो. बारा-बारा तास धरले तर दिवसाचे ४८ आणि रात्रीचे ८४, मिळून १३२ वॅट-तास. महिन्याला चार युनिटसुद्धा भरत नाहीत.

पण ही चार युनिटं मळ्यात हव्या त्या वेळी मिळत नाहीत. शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे केल्यापासून गावात दिवे राहतात आणि मळ्यातली लाइन वेळापत्रकानं येते-जाते. थ्री फेज साधारण आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीचं पाणी म्हणजे उसाच्या कडेनं टॉर्च घेऊन चालणं, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. म्हणून दिवसाच्या विजेची मागणी इथं इतकी तळमळीची आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आणि २०२३ मधल्या तिच्या दुसऱ्या टप्प्याचा हेतू तोच: फीडरच सौर प्रकल्पावर चालवायचा आणि पाणी उजेडात द्यायचं. ही मागणी रास्त आहे. तिचा एक परिणाम मात्र मळ्यात उभं राहिल्यावर कळतो. वीज दिवसा आली की माणूस रात्री घरी झोपतो, आणि फीडर बंद असताना विहिरीवरची केबल निर्जीव असते. तिला हात लावायला चोराला भीती नाही. म्हणजे केबल कापायची वेळ आणि लाइन बंद असायची वेळ एकच. लाइनवर लावलेला कॅमेरा नेमका त्या वेळी आंधळा असणार.

सौर पंप असला तरी फार फरक पडत नाही. त्याची मोठी पॅनलं दिवसा पाच-साडेसात अश्वशक्तीची मोटार ओढतात, पण त्याला बॅटरी नसते. सूर्य मावळला की तो गप्प. कॅमेऱ्याला स्वतःचं पॅनल आणि स्वतःची बॅटरी लागतेच.

मिस्त्रीची वही

नारायणगावात एक मिस्त्री भेटला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. आधी मोटारी भरायचा, आता कॅमेरे बसवतो. त्याच्याजवळ शाळेची वही आहे आणि तिच्यात प्रत्येक मळ्याला एक पान. "गिऱ्हाईक विचारतं, किती मेगापिक्सेल? झूम किती? पॅनल किती वॅटचं, बॅटरी किती एएचची, हे शंभरात एखादा विचारतो," तो म्हणाला, आणि पावणेचारला झोपणाऱ्या कॅमेऱ्याचं पान उघडून त्यानं मला हिशेब करून दाखवला.

पॅनल ४० वॅटचं. चाळीस वॅट हा आकडा कडक, सरळ पडणाऱ्या उन्हातला. दिवस बारा तासांचा असला तरी तसं ऊन आपल्याकडे उघडिपीच्या दिवशी जमेस धरायचं ते पाच तासांचं. त्यात धूळ, उष्णता, वायर, चार्जिंग यांची गळती वजा जाते आणि दहातले सात हिस्से हाती लागतात. चाळीस गुणिले पाच, त्याचे सत्तर टक्के: १४० वॅट-तास. खर्च १३२. मार्च महिन्यात दुकानदार छातीठोकपणे सांगतो की चालतंय, आणि ते खरं असतं.

आषाढात आभाळ भरलं की पाच तासांचे साडेतीन होतात. जमा ९८, खर्च तोच १३२. रोज ३४ ची तूट. ती भरते बॅटरी. १२.८ व्होल्टची २० एएच बॅटरी म्हणजे २५६ वॅट-तास, त्यातले सव्वादोनशे-दोनशे तीस वापरण्याजोगे. सहा दिवस ती तूट सोसते. सातव्या रात्री तळ लागतो. तिथून पुढे दिवसा जे जमेल त्यावरच रात्र काढायची, आणि ते पहाटेपर्यंत पुरत नाही. बॅटरी अगदी रिती होऊन खराब होऊ नये म्हणून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर मध्येच पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज ठरावीक पातळीवर चढेपर्यंत परत जोडत नाही. म्हणून सहाला उजाडलं तरी कॅमेरा साडेनऊला उठतो. सलग झड लागली आणि ऊन दीड तासावर आलं, तर हीच बॅटरी तिसऱ्याच रात्री मान टाकते.

"यात खराब काहीच नाही," मिस्त्री म्हणाला. "हिशेब मार्चचा केलाय आणि चालवायचं जुलैत."

त्याचा उपाय साधा आहे. पॅनल ८० वॅटचं, बॅटरी ३० एएचची. साडेतीन तासांच्या दिवशी जमा १९६, म्हणजे खर्चाहून बरीच जास्त. दीड तासाच्या झडीत ८४, तूट ४८ ची, आणि बॅटरी ती आठवडाभर पेलते. काम हातावेगळं करण्याआधी तो भरलेल्या बॅटरीनिशी पॅनलवर गोणपाट बांधतो आणि दोन दिवस, दोन रात्री तसंच ठेवतो. लहान बॅटरीचा संच दुसऱ्या रात्रीच विझतो. तिसऱ्या सकाळी कॅमेरा जागा असेल तरच तो पैसे घेतो. एवढी चोख परीक्षा मला दुसरीकडे कुठं पाहायला मिळाली नाही.

पॅनलचा कल हाही याच हिशेबातला मुद्दा. पुष्कळ माहितीपुस्तिका थंड देशांत लिहिलेल्या असतात. तिथं सर्वांत वाईट महिना डिसेंबर, सूर्य क्षितिजाजवळ, म्हणून पॅनल चांगलं उभं करा असं त्या सांगतात. आपला वाईट महिना जुलै. जुन्नरच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, त्या शून्य सावलीच्या दिवसांची बातमी आपण दरवर्षी वाचतो. शिवाय ढगांतून येणारा उजेड एका दिशेनं येत नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो. उभ्या पॅनलला निम्मं आभाळच दिसत नाही. म्हणून तोंड दक्षिणेला आणि कल पंधरा-वीस अंश. त्याहून सपाट ठेवलं तर पावसाचं पाणी धूळ धुऊन नेत नाही, खालच्या चौकटीपाशी चिखलाची रेघ साचते.

सांगोल्याचं ऊन

सांगोल्यात ढगांची तक्रार कुणी करत नाही. माणदेशाच्या या कडेला पाऊस थोडा, ऊन मुबलक, आणि डाळिंब हेच इथलं सोनं. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोडणीला आलेला माल एका रात्रीत क्रेटच्या क्रेट उतरवून नेला, असं इथं घराघरांत ऐकायला मिळतं. व्यापाऱ्याशी सौदा झालेला असतो, औषधाचं बिल थकलेलं असतं, आणि सकाळी बाग मोकळी.

इथं पॅनलचे वैरी वेगळे आहेत. पहिला उष्णता. पॅनलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.४ टक्क्यानं उतरते. एप्रिलच्या दुपारी पॅनलचा पृष्ठभाग पासष्ट अंशांवर गेला की सोळा टक्के तिथंच गेले. बॅटरीचं दुखणं त्याहून मोठं. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश वाढीला जवळजवळ निम्मं होतं. म्हणून आता बहुतेक जण लिथियम फॉस्फेटची घेतात. ती उष्णता जास्त सोसते, पण काळ्या पत्र्याच्या पेटीत उन्हात टांगली तर तीही फुगते. मी पाहिलेल्या बागेत पेटी पांढऱ्या रंगानं रंगवली होती, पॅनलच्या सावलीत उत्तर बाजूला बांधली होती आणि बुडाला जाळी लावून वारा खेळता ठेवला होता.

दुसरा वैरी फवारणी. तेल्या रोगासाठी बागेत वरचेवर ताम्रयुक्त औषधं, बोर्डो मिश्रण मारावं लागतं. ब्लोअरचा धूर वाऱ्यानं पॅनलवर बसतो आणि वाळून निळसर थर धरतो. हात फिरवला तर खडूसारखा लागतो. "अण्णा, फवारा मारायच्या आधी पोतं टाका म्हणलं हुतं की," बागेतला गडी मालकाला म्हणत होता. अण्णांनी ओल्या फडक्यानं पॅनल पुसलं आणि मोबाइलवर चार्जिंगचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर गेला. पॅनलमधल्या पट्ट्या एकापुढे एक ओवलेल्या असतात. जिच्यावर सावली पडते ती सगळ्यांना अडवते. पक्ष्याची एक शीट, वाढलेली एक फांदी, इतकंही पुरतं.

कातळावर

देवगड आणि राजापूरच्या मधल्या सड्यावर हिशेबाची तऱ्हाच निराळी आहे. जुलैत इथं आकाश जुन्नरपेक्षा काळं असतं. पण हापूसची राखण लागते ती फळ धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत. मार्च, एप्रिल, मे, म्हणजे वर्षातलं सर्वांत खणखणीत ऊन. एका बागायतदार काकांना मी पावसाळ्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पावसात आंबोच नाय, तर कॅमेरो कशाक व्हयो?" मिरग लागायच्या आधी ते सगळा संच उतरवतात, बॅटरी निम्मी भरून घरात कोरड्या जागी ठेवतात. लिथियमची बॅटरी पडून राहणार असेल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नसावी, हे त्यांनी अनुभवानं ताडलं आहे. खाऱ्या हवेत वर्षभर टांगून ठेवलेल्या शेजाऱ्याच्या संचाचे बोल्ट गंजून पाइपाशी एकजीव झाले होते. काकांचं लहान पॅनल अजून ठणठणीत आहे. पिकाचं वेळापत्रक पाहून यंत्र लावायचं, ही समज जुन्नरच्या वहीइतकीच मोलाची.

इथली अडचण सावलीची. कलमं दाट, कॅमेरा हवा झाडांमध्ये आणि ऊन मात्र बाहेर उघड्या कातळावर. खड्डा खणता येत नाही, म्हणून प्लास्टिकच्या पिंपात सिमेंट ओतून त्यात पॅनलचा पाइप उभा केला आहे. तिथून तीस मीटर वायर आत. सुरुवातीला ती बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती आणि कॅमेरा रोज तिन्हीसांजेला बंद होऊन परत चालू व्हायचा, पुन्हा पुन्हा. घरच्या आजींना तो प्रकार बरा वाटला नाही. कारण विजेचं होतं. बारा व्होल्टचा प्रवाह बारीक वायरीतून जाता-येता साठ मीटर चालला की व्होल्टेज गळतं. दिवसा चार वॅटला ते चालून जातं. इन्फ्रारेड दिवे पेटले की प्रवाह वाढतो, सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो, आणि उतरलेल्या बॅटरीवर कॅमेऱ्याला जेमतेम पावणेअकरा व्होल्ट मिळतात. तो बंद पडतो, भार जातो, व्होल्टेज चढतं, तो उठतो, दिवे लावतो, परत पडतो. जाड वायर घातली आणि तिन्हीसांजेचा खेळ थांबला.

काकांनी राखणदार मात्र काढले नाहीत. हंगामात नेपाळहून येणारी कुटुंबं इथल्या बागांतून राहतात, राखण करतात, आंबे उतरवायलाही लागतात. कॅमेऱ्यामुळे राखणदाराला रात्रभर सगळी बाग फिरावी लागत नाही, इशारा येईल तिकडेच तो टॉर्च घेऊन जातो. साप-विंचवाच्या जागेत हा दिलासा लहान नाही. इथून दक्षिणेला आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखण म्हणजे कुणीतरी पायी फिरणं, हे कोकणात फार जुनं आहे, आणि काकांच्या बागेत ते अजून चालू आहे.

कोण हललं?

याहून लहान संचही मिळतात. चार-पाच वॅटचं पॅनल, आत मोबाइलसारख्या दोन-चार सेल, आणि कॅमेरा एरवी झोपलेला. त्याला उठवतो पीआयआर सेन्सर. अंगाची उष्णता आजूबाजूच्या उष्णतेपेक्षा वेगळी असते आणि ती सरकली की सेन्सर जागा होतो. दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटंच चित्रण झालं तर एवढंसं पॅनल पावसातही तग धरतं. पण चाळीस अंशांच्या दुपारी माणसाचं अंग आणि मागची भिंत सारखीच तापलेली असतात, तेव्हा हा सेन्सर माणूस समोरून गेला तरी चुकतो. उलट तापलेल्या पानांवरून वारा गेला की उगाच उठतो. दिवसातून दोनशे वेळा उठला तर बॅटरी संध्याकाळीच रिकामी. घरच्या पोरांनी करमणूक म्हणून तासभर थेट चित्र पाहिलं तरी तेच होतं.

रात्री कोळी त्रास देतात. इन्फ्रारेड दिव्यांशी किडे येतात, किड्यांपाठोपाठ कोळी काचेसमोर जाळं विणतो आणि सगळं चित्र पांढरं होतं. ज्यांचे कॅमेरे नीट चालतात त्यांच्या खुंटीला लांब काठीचा झाडू टांगलेला दिसतो.

मग नेटवर्क. मळ्यात सिग्नल कमकुवत असेल तर मोडेम जास्त जोर लावून बोलतो आणि बॅटरी जास्त खातो. त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच पॅनलचा कॅमेरा गावालगत चालतो आणि दरीच्या बाजूला बंद पडतो. चोवीस तास चित्र वर पाठवायचं तर सेकंदाला एक मेगाबिटच्या साध्या चित्रालाही दिवसाला जवळजवळ अकरा जीबी लागतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते बसत नाही. म्हणून चित्रण आतल्या कार्डावर आणि मोबाइलवर फक्त इशारा, असं ठेवावं लागतं. १२८ जीबीचं कार्ड अकरा-बारा दिवस पुरतं, मग जुन्यावर नवं चढतं.

जुन्नरमध्ये हे इशारे चोरापेक्षा जनावरानं जास्त येतात. मालकीणबाईंनी मला एक चित्र दाखवलं: गोठ्याच्या कुडापाशी बिबट्याची पाठ आणि उंचावलेली शेपटी. "आता पहाटं धारेला जायच्या आधी मोबाइल बघते, मगच कडी काढते," त्या म्हणाल्या. कॅमेरा पहाटे बंद पडण्याची खरी किंमत त्यांना कळत होती. केबल पुन्हा विकत मिळते.

लिंबाखालची जागा

सांगोल्याच्या त्या डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्या बायांनी कॅमेऱ्याबद्दल पहिल्याच दिवशी मुकादमाला सुनावलं होतं. बांधावरच्या लिंबाखाली त्या भाकरी खातात, तान्ह्याला पाजतात, पलीकडच्या झुडपांचा आडोसा घेतात. नवा कॅमेरा मान फिरवत तिथवर बघायचा. "आमी चोर हाय का?" एकीनं विचारलं. मालकाच्या मनात वाईट नव्हतं, पण चित्र त्याच्याबरोबर त्याच्या पुतण्याच्या आणि कॅमेरा बसवणाऱ्याच्या मोबाइलवरही जात होतं. दिवसा मान फिरणं बंद केलं, आणि चित्राचा तेवढा कोपरा कायमचा काळा झाकण्याची सोय कॅमेऱ्यातच असते, ती वापरली. बायांनी मोबाइल हातात घेऊन तो काळा चौकोन स्वतः पाहिला, मगच कामाला लागल्या. त्यांनी पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मजुरांना न सांगता बसवलेला कॅमेरा ही राखण नव्हे.

दुसरी काळजी पासवर्डची. पेटीवर छापून आलेला पासवर्ड न बदलता वापरला तर कुणीही परका मळ्यात डोकावू शकतो. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या लावणारे केंद्र सरकारचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. तालुक्याच्या बाजारात बिनबिलाचा, बिननावाचा कॅमेरा घेताना निदान हे विचारावं.

चोर दिसल्यावर

आणि चोर खरंच दिसला तर? बहुतेक जण चित्रफीत आधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. तिथं ती आकसते, तिचा दर्जा उतरतो, चेहरा पुसट होतो, आणि ज्याला पळायचं तो सावध होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं: ते कोणत्या यंत्रातून आलं, यंत्र नीट चालत होतं का, फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडायचा आकडा, काय. म्हणून कॅमेरा बंद करून कार्ड काढायचं, पुसायचं नाही, घरच्या संगणकावर उघडून बघत बसायचं नाही, पंचनामा करून पोलिसांकडे द्यायचं. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असणं इथं कामी येतं. बॅटरी तळाला जाऊन परत उठलेल्या काही स्वस्त कॅमेऱ्यांत, नेटवर्क मिळेपर्यंत, तारीख भलतीच पडते. पुरलेली बॅटरी आणि टिकणारा पुरावा यांचा असा थेट संबंध आहे.

चोर कॅमेराच घेऊन गेला तर कार्डही त्याच्यासोबत जातं. म्हणून जाणते लोक बोल्टची डोकी झाळून टाकतात, पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागाला ग्रीस फासतात, आणि चाळीवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं तोंड विहिरीवरच्या पहिल्याकडे ठेवतात.

एक अडचण मात्र कुठलाही कॅमेरा सोडवत नाही. चोरलेली केबल त्याच रात्री ओढ्यात जाळतात. वरचं प्लास्टिक जळालं की उरतं ते नुसतं तांबं, आणि भंगारात गेलेल्या तांब्यावर कुणाचं नाव नसतं. माणूस सापडला तरी माल ओळखायचा कसा, असा प्रश्न ठाण्यात पहिल्यांदा येतो. त्यामुळे जुन्नरचे मालक आता केबलच्या खरेदीचं बिल, मोटारीचा क्रमांक आणि कॅमेऱ्याची पावती एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. मिस्त्रीनं ८० वॅटचं पॅनल पाइपावर चढवलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडून त्याचंही बिल मागून घेतलं, तारीख घालून.